बाल्कनीतलं ऑर्किड: सुरुवात डेन्ड्रोबियमपासून करा

घरात ऑर्किड येतं ते बहुतेक वेळा भेट म्हणून. पांढऱ्या नाहीतर राणी रंगाच्या मोठ्या फुलांची लांब दांडी, खाली चार जाड पानं आणि चकचकीत चिनी मातीची कुंडी. हे फॅलेनोप्सिस. दोन-अडीच महिने फुलं टिकतात, येणारे-जाणारे कौतुक करतात. मग फुलं गळतात, पानं लुळी पडतात. लुळी पडली म्हणून घरातलं कुणीतरी आणखी पाणी घालतं आणि झाड आटोपतं. "ऑर्किड आपल्याकडे जगत नाही बाई, त्याला थंड हवा लागते," हे वाक्य अशाच घरांतून ऐकू येतं.

फॅलेनोप्सिसपुरतं त्यात थोडं तथ्य आहे. पण ऑर्किडच्या कुळात पंचवीस हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या सुमारे साडेबाराशे भारतात सापडतात. सह्याद्रीत आंबा-जांभळाच्या खोडांवर उन्हाळा, पावसाळा, हिवाळा अंगावर घेत त्या वाढतात, कुणीही पाणी घालायला जात नसताना. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, गोवा इथली दमट गरम हवा तर कित्येक ऑर्किडना थेट मानवणारी. पहिलं झाड निवडताना दुकानातल्या फुलांकडे न बघता आपल्या घरातल्या हवेकडे बघितलं, की निम्मं काम झालं.

झाड कोणतं घ्यायचं

किनारपट्टीवर राहत असाल तर प्रश्नच नाही: डेनफॅल प्रकारचं डेन्ड्रोबियम. बुकेमध्ये आणि लग्नाच्या स्टेजवर जी जांभळी-पांढरी फुलं दिसतात त्यातली बरीचशी 'सोनिया' नावाच्या अशाच डेन्ड्रोबियमची असतात. थायलंडमध्ये त्याची शेती होते, यावरून त्याला कसली हवा आवडते ते समजावं. दिवसा 34-35 अंश त्याला चालतं. उभ्या, उसासारख्या पेरांच्या खोडांवर (या खोडाला सगळे 'केन' म्हणतात) वरच्या बाजूने फुलांची दांडी निघते आणि फुलं महिना-दीड महिना सहज टिकतात.

दुकानदाराला नुसतं "डेन्ड्रोबियम द्या" म्हणू नका. नोबिली हा त्याचा दुसरा प्रकार, ज्याला पानं झडलेल्या केनवर खालपासून वरपर्यंत फुलं लगडतात, तो थंड हिवाळ्याशिवाय फुलत नाही. फोटो देखणा असतो, म्हणून लोक फसतात. मुंबईत त्याला पानंच येत राहतील.

पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर इथेही डेनफॅल चालतं. मात्र पारा 15 अंशांच्या खाली गेला की ते कुरकुरतं, पानं गाळतं. त्या दिवसांत रात्री घरात घ्यायचं आणि पाणी कमी करायचं. या शहरांत ऑन्सिडियम, म्हणजे पिवळ्या झग्यातल्या बाहुल्यांसारखी बारीक फुलं येणारं, फार छान होतं. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडच्या मंडळींनी जुलैत सुरुवात करावी. एप्रिल-मेची झळ सोसायच्या आत झाडाला रुजायला आठ-नऊ महिने मिळतात.

व्हँडा बघितली की हरखून जायला होतं: लाकडी टोपलीतून हातभर लोंबणारी उघडी मुळं, तळहाताएवढी निळी-जांभळी फुलं. पण तिला रोज भिजवावं लागतं, उन्हाळ्यात दोनदा. आठवडाभर गावाला जाणाऱ्या माणसाने पहिल्याच वर्षी ती घेऊ नये. आणि गडद, शाईसारखं निळं फॅलेनोप्सिस दिसलं तर ते रंग टोचून केलेलं असतं. पुढची फुलं पांढरी येतात.

खरेदी

जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये आणि हिवाळा संपता संपता मुंबईत राणीच्या बागेत पुष्पप्रदर्शन भरतं. झाड हातात घेऊन बघायला अशा जागा उत्तम. ऑनलाइन घ्यायचं तर 'बीएस' आणि 'एनबीएस' ही दोन संक्षिप्त नावं लक्षात ठेवा. बीएस म्हणजे फुलायच्या वयाचं झाड, एनबीएस म्हणजे त्या वयाच्या उंबरठ्यावरचं. याहून लहान, बोटभर रोप स्वस्त मिळतं, पण फुलायला दोन-तीन वर्षं घेतं. पहिलं झाड बीएसच घ्या. इतकी वाट बघण्यात नवशिक्याचा उत्साह विरतो.

फुलं बघून भुलू नका, केन मोजा. कुंडीत तीन-चार केन असतील तर सर्वांत नवा कोणता ते शोधा (तो सर्वांत हिरवा असतो, बुंध्याशी पातळ कागदी सालीत गुंडाळलेला). नवा केन जुन्यापेक्षा उंच किंवा निदान त्याच्याइतका असेल तर झाड चढतीला आहे. प्रत्येक नवा केन आधीच्यापेक्षा ठेंगणा होत गेला असेल तर मुळं संपत आली आहेत, फुलं कितीही असोत. मग झाड बुंध्याशी धरून हलकेच हलवा. डुगडुगलं तर ठेवून द्या.

फेब्रुवारी ते जून हा खरेदीचा चांगला काळ, कारण त्याच दिवसांत नवे कोंब आणि नवी मुळं फुटतात.

जंगलातून काढून आणलेलं ऑर्किड कुणी विकायला आणलं तर घेऊ नका. सीतेची वेणी मे-जूनमध्ये सह्याद्रीत फुलते तेव्हा मोह होतो हे खरं. पण झाडाच्या सालीपासून खरवडून काढलेली जुनी मुळं घरात पुन्हा धरत नाहीत, ते झाड वर्षभर अंगातल्या साठ्यावर जगतं आणि मग जातं. शिवाय ब्लू व्हँडा, रेड व्हँडा आणि सगळी लेडीज स्लिपर ऑर्किड यांना 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. वादळात पडलेल्या फांदीवर ऑर्किड दिसलं तर शेजारच्याच उभ्या झाडाला बांधून यावं. घरासाठी नर्सरीतली रोपं भरपूर आहेत. अमेरिकेत न्यूडसन यांनी 1922 मध्ये बुरशीच्या मदतीशिवाय ऑर्किडचं बी बाटलीत रुजवून दाखवलं आणि 1960 मध्ये फ्रान्सच्या मोरेल यांनी कोंबाच्या टोकापासून हवी तितकी रोपं करायची वाट दाखवली. तेव्हापासून ऑर्किड ही श्रीमंतांची चैन राहिली नाही.

आधी मूळ समजून घ्या

डेन्ड्रोबियमचं एक जिवंत मूळ जवळून बघा. टोक हिरवं किंवा जांभळट, ओलसर चमक असलेलं. बाकीचं पांढरट, जाडसर. या पांढऱ्या भागावर पाण्याचा एक थेंब सोडला तर तो क्षणात शोषला जातो आणि तिथे हिरवा डाग उमटतो. तो पांढरा थर म्हणजे मृत, पोकळ पेशींचं आवरण. पाऊस आला की ते पाणी टिपतं आणि पाऊस थांबला की वाऱ्यावर सुकतं. आतलं खरं मूळ बारीक, दोऱ्याएवढं. झाडावर राहणाऱ्या ऑर्किडचं सगळं जगणं या भिजण्या-सुकण्याच्या पाळीवर बेतलेलं आहे. बांडगुळासारखं ते झाडाच्या रसावर जगत नाही, त्याला फक्त बसायला जागा हवी असते.

हे आवरण सतत ओलं राहिलं तर आतल्या मुळाला हवा मिळत नाही, ते कुजतं. कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही, म्हणून पानं सुरकुततात, आणि सुरकुतलेली पानं बघून माणूस आणखी पाणी घालतो. घरातली बहुतेक ऑर्किडं अशीच जातात.

तेव्हा नवशिक्याने एकच प्रश्न पाठ करावा: पाणी घातल्यावर मूळ किती वेळात सुकतं? डेनफॅलचं उत्तर एक ते दोन दिवस. व्हँडाची उघडी मुळं संध्याकाळपर्यंत सुकायला हवीत. फॅलेनोप्सिसला चार-पाच दिवस चालतात. कुंडी, भरण (म्हणजे मातीऐवजी कुंडीत भरायचं ते), जागा, पाणी यातलं काहीही ठरवताना हा प्रश्न विचारायचा. इंटरनेटवर एक माणूस म्हणतो रोज पाणी घाला, दुसरा म्हणतो आठवड्यातून एकदा. दोघंही आपापल्या घरी बरोबर असतात, कारण एकाचा कोळसा तासाभरात कोरडा होतो आणि दुसऱ्याचं मॉस (सुकवलेलं शेवाळ) आठवडाभर ओलं राहतं.

कुंडी आणि भरण

माती वापरायची नाही. लाल माती नाही, पॉटिंग मिक्स नाही, कोकोपीटही नाही. कोकोपीट नारळाचंच असलं तरी त्याचा भुसा पाणी धरून बसतो.

लागतं ते असं:

लाकडी कोळसा. इस्त्रीवाल्याकडे किंवा कणीस भाजणाऱ्याकडे मिळतो तोच. बार्बेक्यूसाठी दाबून केलेल्या वड्या नकोत, त्यात चिकटवायचं द्रव्य असतं. कोळसा सुपारी ते लिंबाएवढ्या तुकड्यांत फोडून, धुऊन, भुकटी टाकून द्यायची.

भाजलेल्या लाल विटेचे किंवा जुन्या मंगलोरी कौलाचे तुकडे, तेवढेच. सिमेंटचा ब्लॉक नको.

सुक्या नारळाची सोडणं, दीड-दोन इंची तुकडे करून. शहाळेवाल्याकडचं हिरवं कवच घेऊ नका, ते लवकर सडतं. सोडणाचे तुकडे बादलीत तीन-चार दिवस भिजत घालायचे आणि रोज पाणी बदलायचं. पहिल्या दिवशी पाणी गडद तांबडं निघतं. ते जवळजवळ नितळ दिसू लागलं म्हणजे त्यातला टॅनिन आणि क्षार निघून गेले.

प्रमाण हवेवर ठरतं. मुंबई-कोकणात दोन वाटे कोळसा, एक वाटा वीट, एक वाटा सोडण. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत सोडण वाढवून निम्म्यावर न्या. विदर्भातही निम्मं सोडण, पण पावसाळ्यात कुंडी सरींपासून लांब.

कुंडी चार इंची. यावर लोकांचा विश्वास बसत नाही. दीड फूट उंच झाडाला चार इंची कुंडी? हो. मोठ्या कुंडीचा मधला भाग सुकतच नाही. बाजूलाही भोकं असलेली मातीची ऑर्किड कुंडी किनाऱ्यावर उत्तम, कारण माती स्वतः पाणी शोषून सुकते. घाटावर भोकांची प्लॅस्टिक कुंडी बरी. झाड वरजड होऊन आडवं पडतं म्हणून तळाला दोन जड विटकरीचे तुकडे टाका आणि चार इंची कुंडी मोठ्या रिकाम्या कुंडीत उभी करा.

लावणी अशी. झाड जुन्या कुंडीतून काढण्याआधी अर्धा तास भिजवा, म्हणजे मुळं लवचिक होतात. जुनं भरण सुटेल तेवढंच काढा, चिकटलेलं ओढू नका. मूळ चिमटीत दाबून बघा: टणक असेल तर ठेवा, पोकळ किंवा लिबलिबीत असेल तर कापा. कात्री किंवा ब्लेड आधी गॅसच्या ज्योतीवर धरून घ्या, आणि एका झाडाहून दुसऱ्याकडे जाताना पुन्हा. ऑर्किडचे विषाणू पात्यावरून पसरतात आणि त्यांना औषध नाही. सर्वांत जुना केन कुंडीच्या काठाला टेकवा, नवा कोंब मध्याकडे येऊ द्या, कारण झाड त्याच दिशेने पुढे सरकत जातं. नव्या कोंबाचा बुंधा भरणाच्या वर राहिला पाहिजे. पुरला तर कुजतो. तुकडे कडेकडेने खोचून झाड घट्ट बसवा, मग बांबूच्या काडीला सुती दोऱ्याने बांधा. डुगडुगणाऱ्या झाडाची नवी मुळं टोकाला घासून मरतात, म्हणून हे बांधणं चुकवू नका.

पुढचे दोन आठवडे सावली, वरचेवर पाण्याचा फवारा, खत शून्य.

लावणीसाठी मुहूर्त एकच: नव्या कोंबाच्या बुडाशी मुळांचे हिरवे ठिपके दिसू लागले की. फुलं असताना किंवा ऐन थंडीत हात लावायचा नाही. पुढे दर दोन वर्षांनी, सोडण मऊ पडलं की, हेच.

जागा आणि ऊन

डेनफॅलला रोज तीन-चार तास कोवळं ऊन आणि बाकी दिवसभर लख्ख उजेड लागतो. पूर्वेची बाल्कनी सर्वांत चांगली. पश्चिमेची असेल तर 50 टक्क्यांची शेडनेट बांधा. दक्षिणेच्या बाल्कनीची गंमत अशी की मे महिन्यात, शून्य सावलीच्या दिवसांच्या आसपास, सूर्य डोक्यावर असल्याने तिथे ऊन जेमतेम येतं आणि डिसेंबरात खोलीत पार आतपर्यंत शिरतं. म्हणजे तिथे नेट हिवाळ्यात लागते. उत्तरेच्या बाल्कनीत डेनफॅल जगेल, फुलेल याची खात्री नाही. घरात टीव्हीशेजारी तर मुळीच नाही.

पानांचा रंग हा मीटर समजा. गर्द काळपट हिरवी पानं दिसायला छान, पण उजेड कमी पडतोय. पोपटी हिरवी म्हणजे बरोबर. पिवळी, कडा तांबूस म्हणजे ऊन जास्त. दुपारी पानाला हात लावून बघा: तापलेलं लागलं तर आजच जागा बदला, उद्या तिथे पांढरा आणि परवा तपकिरी डाग दिसेल. तो डाग जात नाही. नर्सरीतून आणलेलं झाडही थेट उन्हात न ठेवता आठ-दहा दिवसांत हळूहळू पुढे सरकवायचं.

वारा खेळता हवा, पण एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम झोत अंगावर नको. मुंबईकरांना आणखी एक सांगायला हवं: पारवे. नव्या कोंबावर बसून तो मोडण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. जाळी लावून मगच झाड आणा.

पाणी

सकाळी सात ते नऊच्या दरम्यान, नळीने किंवा झारीने, कुंडीच्या खालून धार लागेपर्यंत. चमच्याने, अर्ध्या वाटीने मोजून पाणी घालू नका. भिजवायचं तर पूर्ण, मग सुकू द्यायचं. खाली बशी ठेवलीत तर पाणी ओतून टाका. संध्याकाळी पाणी नको, कोंबाच्या सांध्यात रात्रभर पाणी साचलं की कूज लागते.

सुकलं का ते कळायला नव्या खराट्यातला एक हीर काढा, भरणात तळापर्यंत खोचा, दहा मिनिटांनी ओढून गालाला लावा. गार लागला तर आज पाणी नाही. महिन्याभरात हिराची गरज उरत नाही, कुंडी उचलली की वजनावरून समजतं.

मार्च ते मे: किनाऱ्यावर रोज एकदा. पुण्यात रोज सकाळी पाणी आणि दुपारी चारच्या सुमारास पानांवर हलका फवारा. विदर्भ-मराठवाड्यात सकाळ-संध्याकाळ कुंडीभोवतालची फरशी ओली करा. झाडांखाली पाणी भरलेला ट्रे, त्यात खडी आणि खडीवर कुंडी ठेवली तर आसपास ओलावा राहतो. कुंडीचा तळ पाण्याला टेकता कामा नये.

जून ते सप्टेंबर: पाऊस पडत असेल तर पाणी विसरा. आठवडाभर झड लागली तर कुंड्या वळचणीला घ्या. उघडीप दोन-तीन दिवस टिकली तर मात्र हीर काढा. पावसाळ्यात झाडं तहानेनेही जातात, कारण पाऊस बाल्कनीच्या बाहेर पडतोय आणि कुंडी आत कोरडीठाक असते हे कुणाच्या लक्षात येत नाही.

ऑक्टोबर हीटमध्ये पुन्हा रोज. थंडीत दोन-तीन दिवसांआड, पुण्यात त्याहून कमी.

पाण्याच्या जातीचाही विचार करा. मुंबई महापालिकेचं तलावाचं पाणी मऊ आहे, चालतं. बोअर किंवा टँकरचं पाणी जड असेल तर कुंडीवर पांढरी पुटं चढतात, मुळांची आणि पानांची टोकं करपतात. अशा सोसायट्यांनी पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवावं, ऑर्किडला त्याहून चांगलं पाणी नाही. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी वाचवायची इच्छा स्तुत्य आहे, पण ते फरशी पुसायला वापरा. त्यात सगळे क्षार गोळा झालेले असतात.

खत

कोळसा आणि विटेत अन्न नसतं, तेव्हा खत द्यावंच लागतं, पण पातळ. कृषी सेवा केंद्रात पाण्यात विरघळणारं 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) मिळतं. एक लिटरला एक ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट पाव चमचा. नवे कोंब वाढत असताना आठवड्यातून एकदा, आधी साधं पाणी घालून मुळं ओली केल्यावर. कोरड्या मुळांवर खत पडलं तर ती भाजतात. महिन्यातून एकदा नुसत्या भरपूर पाण्याने साचलेले क्षार धुऊन काढा. कडक थंडीत खत बंद.

केळीच्या सालीचं पाणी, कांद्याच्या सालीचं पाणी, चहाचा चोथा, ताक-गूळ: व्हॉट्सअॅपवर यातलं काहीही येऊ शकतं. गुलाबाला द्या, मोगऱ्याला द्या. ऑर्किडच्या भरणात हे सगळं सडतं, फटी बुजवतं, चिलटं आणतं, आणि आपण हवा खेळती राहावी म्हणून केलेली मेहनत पाण्यात जाते. शेणखताचंही तेच.

पावसाळ्यातले पाहुणे

गोगलगायी, विशेषतः बिनशंखाच्या. रात्री दहा वाजता टॉर्च घेऊन कुंड्यांच्या खाली आणि भोकांत बघा. नव्या मुळांची हिरवी टोकं त्या एका रात्रीत खातात, आणि दिवसा त्यांचा मागमूस नसतो, फक्त वाळलेला चकचकीत माग दिसतो. वेचून काढणं हाच खात्रीचा उपाय. कुंड्या टांगलेल्या असतील तर त्रास निम्मा.

पानाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पुसून काढा, मग लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि चार थेंब लिक्विड सोप घालून संध्याकाळी फवारा, आठवड्याच्या अंतराने तीनदा. मुंग्यांची रांग दिसली तर तीही थोपवा, या किडीला एका झाडावरून दुसऱ्यावर नेण्याचं काम मुंग्या इमानेइतबारे करतात. पुण्याकडे उन्हाळ्यात पानाची मागची बाजू चंदेरी, खरखरीत झाली तर लाल कोळी आहे. जोरदार पाण्याने पानं मागून धुवा.

कूज ही खरी आणीबाणी. पानावर किंवा कोंबावर पाण्याने भिजल्यासारखा काळपट, मऊ डाग पडतो आणि दोन दिवसांत दुप्पट होतो. वाट बघू नका. तापवून गार केलेल्या ब्लेडने निरोगी हिरवा भाग सेंटीमीटरभर घेऊन कापा, कापल्या जागी दालचिनीची पूड दाबा (मुळांवर सांडू देऊ नका, ती कोरडी पडतात), झाड वेगळं ठेवा आणि चार-पाच दिवस पाणी बंद. बाकीच्या झाडांवर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला दोन ग्रॅम फवारता येतं. हातमोजे घालून, आणि चमचा-भांडं त्याच्यासाठी वेगळं ठेवून. पान जुनं होऊन खालून एक-एक पिवळं पडत गळत असेल तर ती कूज नव्हे, ते वय.

फुलं आणि त्यानंतर

केन पूर्ण वाढून जाडजूड झाला की वरच्या पेरांतून दांडी निघते. किनाऱ्यावर बहुतेक झाडं पावसाळा सरता सरता बहरतात, जोमदार झाड वर्षातून दोनदाही. कळ्या धरल्यावर कुंडीची जागा किंवा तोंड बदलू नका, दांडी उजेडाकडे वळत असते आणि फिरवली तर वाकडीतिकडी होते.

मे महिन्यात कळ्या पिवळ्या पडून गळायला लागल्या तर कीड शोधण्याआधी घरात आंब्याची अढी कुठे घातली आहे ते बघा. पिकणारा आंबा इथिलीन वायू सोडतो, आणि ऑर्किडच्या कळ्या-फुलांना तो फार बाधतो. फुललेलं झाड कौतुकाने घरात आणून हापूसच्या पेटीशेजारच्या टेबलावर ठेवलं तर महिन्याची फुलं दोन-तीन दिवसांत माना टाकतात. केळी-चिकूच्या टोपलीचंही तेच.

फुलं संपल्यावर दांडी वाळली की बुडाशी कापा. केन मात्र कापू नका, पानं झडून काठीसारखा दिसत असला तरी. त्यात पाणी आणि अन्न साठवलेलं असतं, नव्या कोंबाला तो पोसतो आणि कित्येकदा त्याच उघड्या केनवर पुढच्या वर्षी पुन्हा दांडी येते. पिवळा पडून सुरकुतला, पोकळ झाला तरच काढा.

कधी कधी जुन्या केनच्या शेंड्याला फुलांऐवजी छोटं रोपच फुटतं. त्याला कीकी म्हणतात. बऱ्याच वेळा कुंडीतली मुळं बिघडल्याची ती सूचना असते, तेव्हा आधी आईची मुळं तपासा. कीकीला तिथेच राहू द्या. तिची स्वतःची मुळं दोन इंचांची झाली की सुरी फिरवून वेगळी करा आणि तीन इंची कुंडीत वर सांगितल्याप्रमाणेच लावा.

आणि भेट आलेलं फॅलेनोप्सिस

ते घरात आलेलंच असेल तर फेकू नका. फुलं आहेत तोवर फक्त बाहेरची बिनभोकाची कुंडी काढा आणि आतलं मॉस वरून कोरडं वाटल्याशिवाय पाणी घालू नका. फुलं संपली की आतली पारदर्शक प्लॅस्टिकची कुंडी उलटी करून मॉसचा गोळा पूर्ण काढा. मधोमध स्पंजाचा किंवा मॉसचा घट्ट चेंडू सापडतो, तोही काढा. सडलेली मुळं कापून त्याच पारदर्शक कुंडीत सोडण आणि कोळसा निम्मे-निम्मे घालून लावा. कुंडी पारदर्शक असल्याने हिराची गरज नाही: मुळं हिरवी दिसली तर थांबा, चंदेरी झाली तर पाणी. पानांच्या मधल्या खळग्यात पाणी साचलं तर टिश्यूच्या टोकाने टिपून घ्या, याचा कोंब एकच असतो आणि तो कुजला तर खेळ खलास.

डेनफॅलपेक्षा कमी उजेड, खिडकीच्या आत, थेट ऊन नाही. दांडी धरायला त्याला काही आठवडे थंडावा हवा. सततच्या 28 अंशांच्या वर ती निघत नाही. पुण्या-नाशिकला नोव्हेंबर-डिसेंबरात खिडकीशी ठेवलं तर बहुतेक आपोआप निघते. मुंबईत जानेवारीच्या चार गार रात्रींवर भरवसा ठेवावा लागतो, काही वर्षी निघते, काही वर्षी नाही. निघालेली दांडी आधी मुळासारखीच दिसते. टोक गोलसर, गुळगुळीत असेल तर मूळ, आणि चपटं, हातमोज्यातल्या अंगठ्याच्या आकाराचं असेल तर दांडी. ती बोटभर झाली की काडी रोवून तिला सैलसर बांधायला लागा.